मी झोपतो आता

शैलजा चौगुल्यांच्या घरात कव्हर नसलेली वस्तू शोधूनही सापडली नसती. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रावरही तिने क्रोशाचा जाडजूड रुमाल घातला होता. घराला शुद्ध हवा मिळो न मिळो, यंत्राला धूळ लागता कामा नये. तेव्हा नवऱ्याचं श्वासाचं मशीन दारात यायच्या आधीच त्याचं कव्हर विणून तयार होतं, यात नवल काहीच नव्हतं.

“हे घालायचं नाही बघा, वहिनी,” मशीन बसवायला आलेले वाघमोडे म्हणाले. “ह्याच्या पाठीमागं हवा ओढायची जाळी आहे. ती झाकली की मशीन तापणार आणि साहेबांना हवा मिळणार नाही.”

“मग धूळ बसंल की.”

“बसू दे. पुसायची.”

शैलजाने कव्हराची घडी करून उशीखाली ठेवली. वाघमोडे गेले की घालायचं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिची मुलगी ऋतुजा याच कामासाठी पुण्याहून कोल्हापूरला आली होती. तिने ते कव्हर उचललं आणि सरळ आपल्या बॅगेत टाकलं.

जागेवरून तर पाऊण सकाळ गेली. शैलजाला मशीन लोखंडी कपाटावर हवं होतं, उंच, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. वाघमोडे हात जोडून नको म्हणाले. मशीनच्या पोटात पाण्याची टाकी असते, त्या पाण्याची वाफ हवेबरोबर नळीतून नाकापर्यंत जाते. खोली गार पडली की वाफेचं पुन्हा पाणी होतं. मशीन डोक्यापेक्षा उंच असलं तर ते पाणी उतारावरून थेट झोपलेल्या माणसाच्या नाकात. म्हणून मशीन गादीच्या खालच्या पातळीला पाहिजे, पण जमिनीवर नको, तिथे धूळ. गादीवर नको, मऊ जागेत जाळी बुजते. पडद्याजवळ नको. मच्छर अगरबत्तीजवळ तर नकोच नको. वायर भिंतीतल्या प्लगातून, एक्स्टेंशन बोर्ड लावायचा नाही. नळी उशाच्या मागून वरून घ्यायची, कूस बदलताना गळ्याभोवती यायला नको.

“एवढं तर आमच्या लग्नात पण बघितलं नव्हतं,” शैलजा म्हणाली.

शेवटी ऋतुजाचं लहानपणीचं ठेंगणं लाकडी स्टूल माळ्यावरून काढलं. ते पलंगाशेजारी अगदी बेतानं बसलं. “थांबा, मी वायर बघते,” म्हणत ऋतुजा खाली वाकली.

“बघते म्हणे! पुण्यानं पोरगी पार बदलून टाकली,” शैलजा वाघमोड्यांना म्हणाली.

ही तिची जुनी थट्टा होती. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना येतो म्हणतात, जातो म्हणतात, जेवलो म्हणतात. शैलजाची आई तशीच बोलायची, आजीही. ऋतुजाही तसंच बोलत वाढली. मग ती शिकायला पुण्यात गेली. वसतिगृहात पहिल्याच दिवशी “मी अंघोळ करून आलो” म्हणाली आणि खोलीतल्या मुली पोट धरून हसल्या. दिवाळीला ती घरी आली तेव्हा तिच्या तोंडात येते-जाते पक्कं बसलं होतं. पुढे नोकरी पुण्यात, निखिलशी लग्न करून संसारही पुण्यातच, त्यामुळे जुनं बोलणं परत यायचा प्रश्नच उरला नाही.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते उदय चौगुले पलंगाच्या कडेला गप्प बसले होते. शिरोलीच्या फाउंड्रीत त्यांचं आयुष्य गेलं. तिथल्या आवाजात बोलून उपयोग नसे, म्हणून सगळे हातानेच सांगत, आणि निवृत्तीनंतरही त्यांची ती सवय सुटली नाही. चहा हवा असला की ते कपाचा आकार करून दाखवत. मानेने मात्र दांडगे होते, आणि डॉक्टरांच्या मते दुखणं तिथेच होतं.

दुखण्याचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते आणि श्वास थांबतो. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्याने घोरून हवा ओढतो आणि पुन्हा झोपतो. रात्रभर हेच चालतं. माणसाला आपलं वाटतं की झोप झाली, पण शरीर रात्रभर जिवाशी झगडत असतं. इतकी वर्षं या आजारावरचं मशीन म्हणजे शैलजाचं कोपर होतं. घोरणं मध्येच बंद झालं की तिला जाग येई. ती कोपर मारी, उदयराव मोठा श्वास घेत आणि दोघं पुन्हा झोपत. पण सिग्नलला उभ्या स्कूटरवरच त्यांना डुलकी लागली आणि ते स्कूटरसकट आडवे झाले, तेव्हा कुठे घरच्यांनी डॉक्टर गाठला.

“आता शेवटचं,” वाघमोडे म्हणाले. “सगळ्यात सुरक्षित म्हणाल तर एकेरी पलंग. एक माणूस, एक मशीन. दुसरं कोण शेजारी नको.”

“मग काय, मी हॉलमध्ये झोपतो की,” शैलजा लगेच म्हणाली. म्हणताना तिने उगाचच चादरीची सुरकुती काढली.

सकाळपासून उदयराव पहिल्यांदा बोलले. “मग मशीन नको.”

ऋतुजाला वडिलांच्या त्या तीन शब्दांनी भरून आलं. आईवर प्रेम आहे असं हा माणूस जन्मात म्हणाला नव्हता, यापुढे म्हणण्याची शक्यता नव्हती, आणि आता म्हणाला तर असं.

“जोडी-पद्धत पण आहे,” वाघमोडे डोकं खाजवत म्हणाले. “कंपनीनं आपल्याकडच्या लोकांसाठीच काढलीय. सुरुवातीला थोडे दिवस साहेब एकटे झोपतील, मशीन त्यांचा श्वास शिकून घेईल. मग वहिनी परत शेजारी. दोघांतले साहेब कुठले, ते मशीन तुमच्या बोलण्यावरून ओळखतं. तुम्ही काही करायचं नाही. नेहमीसारखं बोलायचं, नेहमीसारखं झोपायचं.”

“धोका नाही ना?” ऋतुजाने विचारलं.

“एकेरीच बरी, असं मी म्हणणार. पण ही पण मान्यतेचीच आहे.”

ऋतुजाने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि फोनवरच्या मशीनच्या ॲपमध्ये ‘जोडी’ या शब्दावर बोट टेकवलं.

मशीनचं नाव सोबती. जुन्या मशीनचा मुखवटा नाकातोंडाला घट्ट बसे, म्हणून नळीतल्या हवेवरूनच श्वास मोजता येई. पण तो मुखवटा लोकांना सहन होत नसे, झोपेतच काढून फेकत. सोबतीला मुखवटा नव्हता. नाकपुड्यांशी टेकणारी दोन मऊ टोकं होती आणि हवा आजूबाजूने सुटत राही. नळीतून श्वास मोजणं शक्य नव्हतं, म्हणून सोबती बाहेरून बघे. अतिशय क्षीण रेडिओलहरी तो झोपलेल्या माणसाकडे सोडी आणि परत आलेल्या लहरींवरून छातीची केसभर हालचालही टिपी. घसा मिटणार हे त्याला आधीच कळे आणि तेवढ्यापुरता तो हवेचा दाब वाढवी. एरवी शांत. शेजारच्याची झोपमोड नको म्हणून घोरण्याचा आवाज खोडून काढणारा उलटा आवाजही तो सोडत असे.

सुरुवातीला खरोखर जादू झाली. उदयराव सकाळी ताजेतवाने उठू लागले. रंकाळ्याला फेरी मारून येऊ लागले. मग शैलजा हॉलमधून आपल्या जागेवर परतली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला रात्रभर सलग झोप लागली.

“ते मशीन लई गमतीशीर आहे गं,” ती फोनवर ऋतुजाला सांगत होती. “मी ‘झोपतो आता’ म्हटलं की ते म्हणतं, शुभ निद्रा, उदय. हे म्हणतात, तू बोलतीस आणि ते मला झोपवतंय.”

दोघी खूप हसल्या. ऋतुजाच्या फोनवर रोज सकाळी हिरवी खूण येई: उदय चौगुले, झोप उत्तम. ती खूण बघून ती चहा ठेवी.

थंडी पडली तसं उदयरावांचं फिरणं बंद झालं. एका रविवारी त्यांनी स्वतःहून फोन केला. असं ते कधी करत नसत.

“ऋतू, सकाळी डोकं जड असतं गं.”

“पप्पा, मी बघते ना रोज. तुमची झोप एकदम छान आहे. माझ्यापेक्षा छान!”

“दुपारी पण झोप येतीया. परवा जेवताना डोळा लागला.”

“वय झालं आता. आणि फिरायला जात नाही तुम्ही. अंग जड होणारच.”

“मशीन म्हणतंय म्हणजे बरोबरच असणार,” ते म्हणाले. लोखंड ओतण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचा मापावर विश्वास असतो. ऋतुजाने त्यांना पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी उदयराव झोपेतच गेले. शैलजाने पहाटे चहा करून हाक मारली तेव्हा ते गार पडले होते. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. सुखाचं मरण आलं, झोपेत गेले, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. शैलजा प्रत्येकाला एकच सांगत होती, “मला काही कळलंच नाही हो. शेजारी असून कळलं नाही.”

तेरावा झाला, पाहुणे पांगले. निखिल पुढे पुण्याला गेला आणि ऋतुजा आईपाशी राहिली. दुपारी जेवणं उरकल्यावर शैलजा आतल्या खोलीत गेली. पलंगावरच्या आपल्या बाजूला भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली.

“जरा झोपतो गं मी. चहाच्या वेळेला उठीव.”

ऋतुजा दारात उभी होती. स्टुलावरच्या मशीनचा दिवा निळा झाला, आतला पंखा हळूच फिरू लागला. मशीन बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खुंटीला अडकवलेल्या नळीची दोन मऊ टोकं रिकाम्या उशीवर हवा सोडू लागली.

“शुभ निद्रा, उदय,” मशीन म्हणालं.

शैलजाने चादर अंगावर ओढून घेतली. तिला त्या आवाजाची सवय होती. ऋतुजा मात्र दारातून हलली नाही. काहीतरी चुकत होतं, पण काय ते तिला लगेच कळलं नाही. आई झोपली होती, मशीन चालू झालं होतं, आणि मशीनच्या मते झोपलेला माणूस उदय होता.

संध्याकाळी शैलजा स्वयंपाकघरात गेल्यावर ऋतुजा आतल्या खोलीत शिरली आणि दार लोटून पलंगावर बसली. “मी झोपते आता,” ती हळू आवाजात म्हणाली. मशीन ढिम्म. कित्येक वर्षांत जो शब्द तोंडात आला नव्हता तो तिने उच्चारला. “मी झोपतो आता.”

निळा दिवा लागला. “शुभ निद्रा, उदय.”

तिने भिंतीतला प्लग उपटला आणि नळी हातात धरून तशीच बसून राहिली. रडायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ इकडून तिकडे फिरवल्यावर एक समजूतदार आवाजाचा इंजिनिअर भेटला. सगळं ऐकून त्याने जे सांगितलं ते असं होतं. उपचार लागू पडला की आजारी माणसाचा श्वास चारचौघांसारखाच सरळ होतो. एका पलंगावर दोन छात्या वरखाली होताना दिसतात, पण त्यातली रुग्णाची कुठली हे श्वासावरून सांगता येत नाही. आवाजाच्या उंचीवरूनही नाही, कारण म्हातारपणी बायकांचा आवाज उतरतो, पुरुषांचा चिरका होतो, आणि नाकात नळी असली की काहीच खरं नसतं. मराठीत मात्र एक सोय होती. मराठी माणूस दर दोन वाक्यांनी आपण बाई की पुरुष हे स्वतःच सांगतो. झोपतो म्हणाला तो पुरुष, झोपते म्हणाली ती बाई. कंपनीतल्या लोकांना ही युक्ती फार आवडली होती. ज्या बाजूने ‘झोपतो’ ऐकू येईल, त्या बाजूची छाती उदयरावांची.

“आणि दुसरी छाती?” ऋतुजाने विचारलं.

“जो रुग्ण नाही त्याच्या शरीराची नोंद ठेवायला कायद्याने बंदी आहे, मॅडम. त्यामुळे दुसरी छाती आम्ही पुसून टाकतो.”

म्हणजे त्या हिरव्या खुणा आईच्या होत्या. आईची झोप उत्तम होती, म्हणून मशीन शांत बसत होतं. शेजारी वडिलांचा घसा मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. त्यांचा झगडा मशीन पुसत होतं, आणि त्यांच्या घोरण्याचा आवाजही आईच्या कानापर्यंत पोचू देत नव्हतं.

“आम्हाला हे सुधारावं लागेल,” इंजिनिअर म्हणाला. “पण त्यासाठी तुमच्या आईच्या आवाजाचे नमुने लागतील. त्यांची संमती लागेल. त्यांना सगळं समजावून सांगूनच संमती घ्यावी लागते, तसा नियम आहे.”

“मी कळवते,” ऋतुजा म्हणाली आणि कळवायचं नाही असं तिने फोन ठेवतानाच ठरवलं. काय म्हणून सांगायचं आईला? तिच्या तोंडच्या शब्दाने नवरा गेला म्हणून? मशीन बांधून परत पाठवायचं, वर्षश्राद्धापर्यंत आईला पुण्याला न्यायचं, विषय संपला. जे झालं ते झालं. बाकीच्यांचं कंपनी बघून घेईल.

ती बाहेरच्या खोलीत मशीन खोक्यात भरत होती तेवढ्यात शेजारच्या भारतीकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. शैलजा तिथेच त्यांच्याशी बोलत बसली. भारतीकाकूंनी खोकं बघितलं.

“हे परत पाठवालाय होय? आमच्यात पण तसलंच बसवलंय की मागच्या आठवड्यात. ह्यांचं पण घोरणं बंद झालं बघ. आता कालपासनं मी परत शेजारी झोपालोय.”

ऋतुजाचा हात चिकटपट्टीवर थांबला.

“काकू, तुम्ही रात्री झोपताना काय म्हणता?”

“म्हणणार काय? देवाचं नाव घेतो आणि ‘झोपतो हो मी’ म्हणतो.”

“आणि काका?”

“त्यांना कशाचं बोलणं! तोवर डोळा लागलेला असतो.”

ऋतुजाने एकदा आईकडे बघितलं. आई भाकरीवरचं फडकं सारखं करत होती. अजूनही गप्प बसता आलं असतं. भारतीकाकूंना उद्या जिन्यात गाठून हळूच सांगता आलं असतं. पण उद्याच्या आधी आजची रात्र होती.

“काकू, आज तुम्ही त्यांच्याजवळ झोपू नका. दुसऱ्या खोलीत झोपा. आणि काकांना म्हणावं, तुम्ही स्वतः बोला, मशीनला ऐकू जाईल असं. विसरू नका.”

“का गं? काय झालं?”

“मशीनला... मशीनची ओळख चुकते. तुमच्या बोलण्यामुळे ते तुम्हालाच काका समजतं. मग काकांना हवा देत नाही.”

भारतीकाकूंनी आधी ऋतुजाकडे, मग शैलजाकडे पाहिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. “बाई गं,” एवढंच म्हणून त्या लगबगीने उठल्या, ताटसुद्धा न घेता गेल्या.

शैलजा बसल्या जागेवरून हलली नव्हती. “ऋतू, इकडं बस,” ती म्हणाली.

“आई, ते मशीनच चुकीचं बनवलंय. त्या लोकांना आपल्याकडचं बोलणं माहीतच नाही. त्यांनी पुण्यात बसून...”

“मी काय विचारतो ते सांग. मी झोपतो म्हटलं की त्याला काय वाटायचं?”

ऋतुजाने मान खाली घातली. “पप्पा बोलले असं वाटायचं.”

“म्हणजे रोज रात्री मीच त्याला सांगत होतो. मी म्हणजेच हे आहेत म्हणून.”

“तू काहीच केलं नाहीस. जोडीवर बोट मी टेकवलं. पप्पांनी डोकं जड आहे म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं नाही.”

“आणि मी ढाराढूर झोपत होतो,” शैलजा म्हणाली. मुलीचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही कोण जाणे. “इतकी वर्षं कोपर मारलं. एक रात्र चुकलो नाही. बाळंतपणात माहेरी होतो तेवढंच. आणि त्या डबड्याच्या भरवशावर झोपलो.”

ऋतुजा तिला मिठी मारायला पुढे सरकली, पण शैलजा उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावरून चालक नसलेली बस वळत होती आणि ‘कृपया मागे उभे रहा’ म्हणून गोड आवाजात सांगत होती.

“कंपनीवाल्यांना काय पाहिजे माझ्याकडनं?” तिने विचारलं.

“तुला कसं कळलं?”

“त्यांना फोन लावलास तेव्हा तू गॅलरीत जाऊन बोललीस. काहीतरी पाहिजे असणार.”

“तुझा आवाज. पण नाही दिला तरी चालेल, आई. खरंच.”

“भारतीचा नवरा मरू दे होय? लाव फोन.”

इंजिनिअर पडद्यावर आला. तरुण होता, केस नीट विंचरलेले, मागे पुस्तकांचं कपाट. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मग शैलजाकडून बरीच वाक्यं म्हणवून घेतली. मी जेवलो. मी बाजारात गेलतो. मी आता झोपतो. शैलजा शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून म्हणत होती.

“काकू, एक विचारू?” तो म्हणाला. “हे ‘झोपतो’ तुमच्याकडून चुकून येतं का? म्हणजे, योग्य रूप ‘झोपते’ आहे हे तुम्हाला माहीत आहे ना?”

शैलजा गोंधळून मुलीकडे बघू लागली. आयुष्यात तिला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

“आमच्यात असंच बोलतात,” ती म्हणाली. मग आणखी खालच्या आवाजात, “चुकलंच म्हणायचं.”

“चुकलं नाही तिचं!” ऋतुजा ओरडली. “तुमचं चुकलं!” पण तोवर इंजिनिअरने पुढचं वाक्य विचारलं होतं आणि शैलजा ते म्हणू लागली होती.

कंपनीने पुढे एक निवेदन काढलं. त्यात उदयरावांचं नाव नव्हतं, माफीही नव्हती. ‘वापरकर्त्यांच्या भाषेतील विसंगतीमुळे’ असे शब्द होते. आवाजाचा नवा अभ्यास पूर्ण व्हायला वेळ लागणार होता. तोवर दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक सोबतीने रोज रात्री एक सूचना द्यायची असं ठरलं: महिलांनी कृपया स्त्रीलिंगी क्रियापद वापरावे.

भारतीकाकूंचा नवरा वाचला. गल्लीतले आणखी दोघे-तिघेही वाचले असतील, कुणास ठाऊक. ज्यांच्याकडे मशीन होतं त्या बायका सुरुवातीला जिन्यात उभ्या राहून एकमेकींना ‘झोपते’ म्हणून दाखवत आणि हसून लोटपोट होत. भारतीकाकू म्हणाल्या, मालिकेत काम करालोय असं वाटतंय. मग हसू ओसरलं आणि भीती राहिली. दाराचं कुलूप ऐकतं, गॅस ऐकतो, रुग्णवाहिका बोलावणारं यंत्र ऐकतं. कुठलं काय समजून बसेल सांगता येत नाही. बायका नातवंडांशीही जपून बोलू लागल्या. आणि लहान मुली जे ऐकत होत्या तेच शिकत होत्या.

शैलजा पुण्याला गेली नाही. ऋतुजा रोज फोन करी. काही आठवडे गेले तेव्हा तिला आईच्या बोलण्यात काहीतरी खटकू लागलं, पण काय ते चटकन सापडेना.

“जेवलीस का?”

“जेवण झालं.”

“काय करतेस?”

“निवडणं चाललंय.”

“बरी आहेस ना?”

“तब्येत बरी आहे.”

आणि एका संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. आई जेवलो म्हणत नव्हती. जेवलेही म्हणत नव्हती. जेवण होत होतं, काम चालत होतं, झोप येत होती. आपण स्वतः काही करतो असं एकही वाक्य ती बोलत नव्हती. जन्मभर वापरलेला शब्द तिने तोंडातून काढून टाकला होता आणि त्या जागी दुसऱ्यांचा शब्द घ्यायला तिची जीभ तयार नव्हती.

ऋतुजाला रडू फुटलं. आईला काय द्यावं तिला कळेना. देण्यासारखं एकच होतं.

“आई,” ती म्हणाली, “मी येतो गं शनिवारी. चार दिवस राहतो तुझ्याजवळ.”



“तसं बोलू नकोस,” शैलजा घाईघाईने, कुणी ऐकेल की काय अशा दबक्या आवाजात म्हणाली. “ऋतू, तसं कधीच बोलू नकोस. तुझ्या शेजारी निखिल झोपतो ना?”

“आई, आमच्याकडे मशीन नाही गं.”

“आज नसंल,” शैलजा म्हणाली. “तू आपलं येते म्हण.”